वेंगुर्ल्यातला पोटविकाराचा दवाखाना, रिपोर्ट नीट समजावतात
आईला घेऊन गेलेलो, छातीत जळजळ, करपट ढेकर, रात्रीची झोपच नाही. आधी एकीकडे नुसतं जीईआरडी (जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा आजार) लिहून गोळ्या दिलेल्या, बाकी एक शब्द नाही. इथे डॉक्टरांनी हृदयाचं काही नाही ना, म्हणून आधी ईसीजी बघितला, मग कागदावर अन्ननलिका आणि जठर काढून दाखवलं, मधली झडप सैल पडते नि आम्ल वर येतं, आणि हे सगळं मालवणीत, आईला कळेल असं. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, रात्री उशाकडची बाजू उंच. सोलकढी बंद करू का विचारलं तर म्हणाले, त्रास होत असेल तरच. पेशंटला असं सांगणारं कोणीतरी हवंच ओ! गर्दी खूप असते, नंबर सकाळीच लावा.