पाच महिने, एक ८×४२ दुर्बीण आणि एक काळा करकोचा

नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात ही दुर्बीण घेतली. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, त्यामधला हा आठवडा. आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटात तेव्हा सगळ्यांनाच खरेदीची लहर येते. नव्याचे नऊ दिवस संपल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता मार्च संपत आलाय, पाहुणे पक्षी परतीच्या वाटेला लागलेत, आणि दुर्बिणीवर पहिला ओरखडाही उमटलाय. म्हणजे लिहायला हरकत नाही.

कंपनीचं नाव देत नाही. मी साडेसोळा हजार मोजले, आणि त्या किमतीच्या आसपास या मापाच्या चार-पाच कंपन्यांच्या दुर्बिणी आहेत. आतला माल साधारण सारखाच: बीएके-४ नावाच्या चांगल्या काचेचे प्रिझम, त्यावर चित्र स्पष्ट दिसावं म्हणून फेज कोटिंग, आत बाष्प धरू नये म्हणून भरलेला नायट्रोजन. नवीन माणूस अडतो तो कंपनीपाशी नाही, मापापाशी. दुकानदार मला २०×५० दाखवत होता, तीही निम्म्या किमतीत. "मॅडम, वीस पट दिसतं!" मी जवळजवळ घेतलीच होती. गटातल्या एका काकांनी फोनवरच थांबवलं. "वीस पट पक्षी दिसेल, पण तुझा हातही वीस पट हलेल," म्हणाले.

८×४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. १०×४२ घेतली तर तोच ४.२ वर येतो. दुपारी काही फरक कळत नाही. पण सकाळी साडेसहाला, झुंजुमुंजू असताना, झुडपाच्या पोटात बसलेला पक्षी तपकिरी आहे की करडा, हे याच एका मिलिमीटरवर ठरतं. दुसरं म्हणजे दृष्टिक्षेत्र. माझ्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. दहा पटीच्या बऱ्याचशा दुर्बिणींत तो याहून चांगलाच अरुंद होतो. उडता पक्षी अरुंद पट्ट्यात सापडेपर्यंत गावाला गेलेला असतो.

पहिला महिना मात्र मी हिला शिव्याच घातल्या. उजव्या डोळ्याला सगळं किंचित पुसट दिसायचं. माल सदोष निघाला अशी माझी खात्रीच झाली, परत पाठवायची तयारीही केली. मग लक्षात आलं की उजव्या डोळ्यापाशी असलेलं डायॉप्टरचं कडं, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारं, आमच्या घरात कुणीतरी फिरवून ठेवलंय. (नाव घेत नाही, पण घरात आम्ही दोघंच राहतो.) उजवं भिंग झाकायचं, डावा डोळा मधल्या चाकाने नीट करायचा, मग डावं झाकून उजवा त्या कड्याने. दोन मिनिटांचं काम. माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, वाचतं कोण. आता त्या कड्यावर नेलपॉलिशची खूण करून ठेवलीय.

चश्मा लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डोळ्यापाशीची रबरी कडी फिरवून खाली बसवायची, नाहीतर बांगडीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं. विकत घेताना 'आय रिलीफ'चा, म्हणजे डोळा काचेपासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं त्या अंतराचा आकडा बघा, १७ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त हवा. माझा साडेसतरा आहे, चश्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं.

डिसेंबरमध्ये बहुतेक रविवार कवडीपाटला गेले. लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठावर. जे गेलेत त्यांना तो वास आणि पाण्यावरचा फेस सांगायला नको. पुण्याचं सगळं सांडपाणी उशाला घेऊन चक्रवाक तिथे आरामात बसलेले असतात, शेजारी थापट्या, शेकाटे, धोबी, नदी सुरय. थंडीत एक गंमत झाली. दुर्बीण 'फॉगप्रूफ' म्हणून घेतलेली आणि काच तर धुरकट! तो नायट्रोजन आतल्या बाजूची काळजी घेतो. बाहेरच्या काचेवर आपलाच श्वास बसतो, त्याला कुणी काही करू शकत नाही. दुर्बीण जरा खाली धरून श्वास सोडायचा, एवढंच.  

जानेवारीतली फजिती सांगितलीच पाहिजे. एका ओढ्याकाठी काळपट, उंच पायांचा, मोठ्या चोचीचा पक्षी उभा. मी लगेच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीत 'काळा करकोचा' असं टाकलं. ई-बर्डला प्रत्येक भागासाठी आणि महिन्यासाठी एक चाळणी असते. नेहमीपेक्षा वेगळं काही टाकलं की ते खुणेचं वर्णन मागतं, आणि नंतर एखादा स्वयंसेवक ते तपासतो. मला दोन दिवसांनी विनम्र पत्र आलं: मान कोणत्या रंगाची होती? चोच कोणत्या रंगाची? मी डोळे मिटून आठवलं आणि पोटात गोळा आला. मान पांढरी होती. लोकरीसारखी. चोच काळपट. तो कांडेसर होता, पांढऱ्या मानेचा करकोचा. काळ्या करकोच्याची मान काळी असते, पोट पांढरं, आणि चोच नि पाय लालभडक. दुर्बिणीने मला सगळं दाखवलं होतं. मीच नाव आधी ठरवून मग बघत होते. नोंद दुरुस्त केली. वर्णन मागणारी ती व्यक्ती कोण हे मला माहीत नाही, पण तेव्हापासून मी आधी चोच, पाय आणि मान बघते. नाव नंतर.

मग फेब्रुवारी. गटावर शनिवारी रात्री निरोप आला की खराखुरा काळा करकोचा एका धरणाच्या काठावर दिसलाय. धरणाचं नाव लिहीत नाही. रविवारी तिथे तीस माणसं पोचली होती, तीच पुष्कळ झाली. दोघे जण बरा फोटो मिळावा म्हणून पार पाण्याच्या कडेपर्यंत उतरले, आणि एका आजोबांनी त्यांना ज्या आवाजात परत बोलावलं तो मी आयुष्यात विसरणार नाही. आम्ही पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. पक्षी तीनेकशे मीटरवर, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात. माझ्या दुर्बिणीतून एक काळी उभी आकृती दिसत होती, पण चोच लाल की काय ते काही केल्या ठरेना. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापून थरथरायला लागते, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. त्यावर आठ पट काय नि वीस पट काय, इलाज नाही. मोठं केलं की थरथरही मोठी होते. इलाज एकच, साडेसातच्या आत पोचायचं.

शेवटी एका ताईंनी त्यांचा तिवईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, बघायला दिला. दहा मिनिटांनी ढग आला, हवा जराशी निवली, आणि ती चोच लाल झाली. खरंच लाल, गाजरासारखी. मानेवर हिरवट-जांभळी झाक. माझ्या दुर्बिणीने मी तो पक्षी 'पाहिला', पण ओळखला तो दुसऱ्याच्या स्कोपने. यादीत तसंच लिहिलंय. तेव्हा दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे जायचं म्हणून कुणी दुर्बीण घेत असेल तर हे आधीच ऐकून ठेवा: धरण, खाडी, मोठा जलाशय इथे ८×४२ अपुरी पडते. गटात एक तरी स्कोपवाला माणूस असू द्या आणि त्याच्याशी गोड बोला.

पण मला ही दुर्बीण खरी आवडायला लागली ती त्यानंतरच्या तीन आठवड्यांत, आणि दुर्मीळ काहीही न दिसता.

माघ संपून फाल्गुन लागताना पक्षी कपडे बदलतात. हे पुस्तकात वाचलं होतं, पण तेच थवे रविवारमागून रविवार बघितल्याशिवाय कळत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भिगवणला गेलो. भीमेवरच्या उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी. कुंभारगावाहून नावेत बसलो. रोहित पक्ष्यांपाशी सगळ्यांचे कॅमेरे कडकडत होते. मी मात्र कुरवांवर, म्हणजे सीगलवर, अडकले. जानेवारीत ज्यांच्या डोक्यावर कानापाशी नुसता एक डाग होता, ते तपकिरी डोक्याचे कुरव आता खरोखर तपकिरी डोक्याचे झाले होते. काहींची टोपी पूर्ण, काहींची अर्धी, जणू रंगारी जेवायला गेलाय. त्यांच्यात धिप्पाड पल्लासचा कुरव, डोकं काळंकुळकुळीत, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या कोरी, चोच पिवळी, टोकाशी लाल. नाव चालवणारे दादा मला म्हणाले, "ताई, आधी डोळ्यानं बघा, मग दुर्बीण लावा. तुमी लावून शोधताय." बरोबर होतं. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यापर्यंत आणायची असते. पाच महिन्यांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नाव हलत असताना आठ पटीचीच कशी कामाला येते हेही तिथे पटलं. शेजारच्या गृहस्थांनी त्यांची बारा पटीची दुर्बीण दहा मिनिटांत पिशवीत ठेवली.

त्याच काठाच्या बेशरमीच्या झुडपांत शंकर दिसला. ब्लूथ्रोट म्हणतात तो. गळा निळा म्हणून शंकर. कुणी ठेवलं असेल हे नाव त्याला दंडवत. थंडीत त्याचा गळा फिकट, चट्ट्यापट्ट्यांचा असतो. महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती आणि हा गडी लखलखीत निळा गळा घेऊन चिखलात शेपूट उडवत होता. सात-आठ मीटरवर. त्या अंतरावर या दुर्बिणीत निळ्याखालची काळी रेघ, तिच्याखालचा तांबूस पट्टा, सगळं सुटं सुटं दिसलं. हे बघायला स्कोप लागत नाही.

सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीच्या बाजूला, काटेसावर फुलली होती. निष्पर्ण झाड, नुसती लाल फुलं, आणि त्यावर बाजार भरलेला: भोरड्या, हळद्या, कोतवाल, हिरवा पर्णपक्षी, शिंजीर, मधूनच एक खार. भोरडी म्हणजे पळस मैना. तीही रंगपंचमीच्या सुमाराला उजळते, आणि गंमत म्हणजे त्यासाठी नवी पिसं येत नाहीत. जुन्या पिसांच्या मळकट कडा झिजतात आणि आतला गुलाबी-काळा रंग उघडा पडतो. मग ती मध्य आशियाकडे चालू लागते. अशा झाडावर रुंद दृष्टिक्षेत्राची खरी किंमत कळते, एका नजरेत सात-आठ पक्षी मावतात. मान मात्र अवघडते. ६८० ग्रॅम वजन कागदावर किरकोळ वाटतं. तीन तासांनी मानेवर कुणीतरी पोर बसल्यासारखं वाटतं. बरोबर आलेला पट्टा फेकून द्या आणि पाठीवरून फुलीसारखा येणारा हार्नेस घ्या. मला सातशे रुपयांना मिळाला. हा खर्च पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

आता तक्रारी. चौथ्या महिन्यात डाव्या बाजूचं रबरी कडं सैल झालं, दुर्बीण खाली धरली की आपोआप गोल फिरत बाहेर येतं. जिथून घेतली त्या ऑनलाइन विक्रेत्याला लिहिलं. तीन आठवडे पत्रापत्री झाली आणि शेवटी उत्तर आलं की हमी फक्त काचांची आहे. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने जुन्या ट्यूबची पट्टी कापून आतून बसवून दिली, वीस रुपयांत. दिसायला भयाण आहे पण घट्ट आहे. पुढच्या भिंगाची दोन्ही झाकणं पहिल्याच महिन्यात पडली. त्यातलं एक उजनीत तरंगताना मी स्वतः पाहिलं. आणि तो ओरखडा माझ्याच मूर्खपणाचा. माळरानावरची धूळ मी ओढणीने पुसली. धूळ म्हणजे बारीक वाळूच. आधी ब्लोअरने उडवायची, मग मऊ ब्रश, आणि फडकं सगळ्यात शेवटी. ओरखड्याने चित्रात फरक पडत नाही, पण सूर्य समोर असला की एक बारीक रेघ चमकते आणि मला माझी अक्कल आठवते.

जमेची आणखी एक बाब, जी घेताना मी विचारातही घेतली नव्हती: ही दोन मीटरपर्यंतच्या जवळच्या वस्तूवरही स्थिर होते. पक्षी दुपारी गप्प झाले की फुलपाखरं, चतुर, कोळी बघत बसते. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या पक्षीगणनेत मी तर बाल्कनीतूनच याद्या केल्या, रोज पंधरा मिनिटं. समोरच्या पिंपळावर तांबट, त्याची टुकटुक हल्ली सकाळी सहालाच सुरू होते.

या आठवड्यात कवडीपाटला चक्रवाकांची संख्या बरीच घटलीय. मागच्या रविवारी मोजून अकरा दिसले. परवा घरात विषय निघाला तेव्हा डायॉप्टर फिरवणाऱ्या व्यक्तीने हळूच सुचवलं की एका दुर्बिणीत दोघांचं भागत नाही. दुसरी घ्यायची झाली तर ८×३२ घेऊ म्हणतेय, वजनाला हलकी, उन्हाळ्यात उजेड भरपूरच असतो. नेलपॉलिश मात्र दोन्हींना वेगळ्या रंगाचं.