एक्सेल की व्हिजिओ? डक्ट साइझिंगचं टूल दोन्हीकडे बांधून काही महिने वापरल्यावर

आमचं ऑफिस अंधेरीला, काम एसी डक्टिंगच्या, म्हणजे एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या डक्टच्या, डिझाइनचं. साइझ काढायचं घरचं टूल हवं होतं. तेच एकदा एक्सेलमध्ये, एकदा व्हिजिओमध्ये बांधलं आणि चालू कामांवर दोन्ही वापरली.

व्हिजिओ म्हणजे फ्लोचार्ट काढायचं सॉफ्टवेअर, असा बऱ्याच जणांचा समज आहे. पण त्यातल्या प्रत्येक आकारामागे शेपशीट असते. रुंदी, उंची, कोन सगळं सेलमध्ये, आणि त्या सेलमध्ये फॉर्म्युले चालतात. सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा जायची तो आकडा, बदलला की चित्रातला डक्ट आपोआप रुंद होतो. फॉर्म्युल्याला 'गार्ड' लावलं की कुणी माउसने ओढून साइझ बिघडवू शकत नाही. मला सगळ्यात भावलं ते एककांचं. '३०० मिमी + १ इंच' लिहिलं की तो निमूट ३२५.४ मिमी धरतो. आमच्याकडे ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आणि फिटरची भाषा इंचांची, त्यामुळे ही सोय फार मोठी. एक्सेलला सेलमधला आकडा कशातला आहे हे कळतच नाही. मिमीच्या कॉलममध्ये कुणी इंच समजून १२ टाकलं, तर तो १२ मिमीचा डक्ट धरून पुढे जातो.

तरी हिशोब एक्सेलमध्येच करा, असंच सांगेन. जुन्या इमारतींत बीमखाली मिळेल तेवढ्यात डक्ट बसवावा लागतो. म्हणजे उंची ठरलेली, रुंदी शोधायची. गोल डक्टच्या व्यासाला समतुल्य, म्हणजे तितकीच हवा नेणारा, चौकोनी साइझ काढायचं नेहमीचं सूत्र उलटं सुटत नाही. एक्सेलच्या 'गोल सीक' (Goal Seek) सोयीने, म्हणजे हवं ते उत्तर सांगून आकडा शोधायला लावला की, उत्तर येतं, पण एका वेळी एकाच सेलचं. अख्ख्या मजल्याचे डक्ट असताना कोण बसणार? म्हणून ५० मिमीच्या टप्प्यांचा तक्ता करून त्यातून उत्तर उचलणारा लुकअप फॉर्म्युला लावला: ४०० मिमी गोल, उंची ३००, तर रुंदी ४५०. शेपशीटमध्ये हेच करणं म्हणजे छळ आहे. शिवाय एक्सेलमध्ये चुकलेली ओळ कॉलमवरून नजर फिरवताच दिसते, शेपशीट मात्र एकेका आकाराची उघडून बघावी लागते.

आता हिशोब एक्सेलमध्ये होतो आणि व्हिजिओ त्यातल्या ओळी आकारांना जोडून चित्र दाखवतो. एक्सेलमध्ये आकडा बदलला की व्हिजिओत रिफ्रेश करायचं. प्रत्येक डक्टला वेगळा नंबर हवा आणि तो मध्येच बदलायचा नाही, नाहीतर जोडणी तुटते.

खर्चाचं म्हणाल तर व्हिजिओचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं आणि डेस्कटॉप आवृत्ती फक्त विंडोजवर चालते. मॅकवाल्या आर्किटेक्टला आम्ही पीडीएफच पाठवतो. आणि स्वस्त पडते म्हणून व्हिजिओची स्टँडर्ड आवृत्ती घेऊ नका, हे डेटा जोडणं त्यात नाही.