१०९८ चांगली, पण अठरानंतर काय?

नांदेड, परभणी, पूर्णा, जालना, कुठल्याही स्टेशनावर एकटं पोरगं दिसलं की १०९८ ही मुलांची मदतवाहिनी लावा. फोन फुकट, चोवीस तास चालू. फलाट क्रमांक, जवळची खूण, अंदाजे वय सांगा आणि माणूस येईपर्यंत हलू नका. तुम्ही हललात तर तेवढ्यात पोरगं पुढची गाडी पकडतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, न्यावंच लागतं. इथवर सेवा चांगली.

घोडं अडतं ते अठरा पूर्ण झाल्यावर. बालगृह सुटतं. कायद्यात २१ पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यावरच्या आधाराची, सोय आहे, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपयेही आहेत. पण कागद अपुरे असले की सगळं लटकतं. आधारला बालगृहाच्या जुन्या अधीक्षकांचा मोबाइल जोडलेला असतो, ओटीपी त्यांच्याकडे जातो, आणि पोरगं बँकेच्या खिडकीशी ताटकळतं. म्हणून सतराव्या वर्षीच जिल्हा बाल संरक्षण कक्ष गाठा. आधी आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदला, मग बँक खातं, मग अनुरक्षणाचा अर्ज.

आणि बालगृह सुटलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीला रात्रनिवाऱ्यात पाठवण्याआधी एवढं बघाच: बायकांची खोली वेगळी आहे का, आणि त्या खोलीला आतून कडी आहे का.