इलेक्ट्रिक प्रेशर कुकर: बरेच महिने रोज वापरल्यानंतर

सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आमच्या ओट्यावर येऊन आता बरेच महिने झाले. घरात चार माणसं, दोघं नोकरी करणारे, आणि दोन्ही वेळचं जेवण घरचंच. कुकर जवळजवळ रोज लागतो, त्यामुळे आता त्याच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल. घ्यायचा विचार करत असाल तर खोक्यावर छापलेल्या गोष्टींपलीकडचं काही हाती लागावं, म्हणून लिहितोय.

आधी वेळेचं बोलू, कारण बहुतेक जण त्यासाठीच तो घेतात. 'दहा मिनिटांत डाळ' असं जे सांगतात त्यात दाब धरल्यानंतरचीच मिनिटं मोजलेली असतात. भांडं तापून वाफ कोंडायला आधी दहा-पंधरा मिनिटं जातात, भांडं भरलेलं असेल तर जास्तच. शिजून झाल्यावर दाब आपोआप उतरायला आणखी तेवढीच किंवा थोडी जास्त. म्हणजे दहाची सहज पस्तीस होतात. गॅसवरचा कुकर यापेक्षा लवकर मोकळा होतो. त्यात दाब साधारण 15 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) जातो आणि आतलं पाणी 121 अंशांच्या आसपास तापतं. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर 10 ते 12 पीएसआयवर चालतात, म्हणजे 115 ते 118 अंश. फरक थोड्याच अंशांचा, पण कडधान्याला तो जाणवतो. गॅसच्या कुकरच्या हिशेबाने वेळ लावली की दाणा कच्चा राहतो.

मग सोय कशात? तिथे उभं राहावं लागत नाही, यात. शिट्ट्या मोजायला, गॅस बारीक करायला, उतू गेलेलं पुसायला कोणी लागत नाही. डाळ-तांदूळ लावून मी मुलांचा अभ्यास घेतो, आंघोळ करतो, बाहेरचं एखादं काम उरकून येतो. काम झालं की कुकर स्वतःच बंद होतो किंवा अन्न गरम ठेवण्याच्या मोडवर जातो. घड्याळ बघितलं तर स्वयंपाकाला लागणारा वेळ फारसा कमी झालेला नाही, पण त्यातला माझा वेळ निम्म्याहून कमी झाला आहे. नोकरीवरून दमून आलेल्या माणसाला हाच फरक मोठा वाटतो.

पण या कुकरबद्दल मला मनापासून सांगायचं आहे ते वेगळंच. त्याच्यामुळे आमच्या ताटात कडधान्य रोज यायला लागलं. पूर्वी छोले, राजमा, अख्खे मसूर हे सुट्टीच्या दिवसाचे पदार्थ होते, कारण भिजत घालायची आठवण आणि शिजेपर्यंतचा धीर दोन्ही लागायचं. आता आठवड्यातून दोनदा रात्री अर्धा किलो कडधान्य भिजत घालतो. सकाळी पाणी ओतून टाकतो, चांगलं धुतो, नवं पाणी, थोडं मीठ आणि चमचाभर तेल घालून कुकर लावतो. तेलाने फेस कमी होतो आणि वाफेच्या तोंडाशी साली अडकत नाहीत. अर्धा किलो कोरडे छोले शिजून किलोभराहून जास्त होतात. त्यातले अर्धे फ्रीजमध्ये, अर्धे वाटीवाटीने डब्यांत भरून फ्रीझरला.

हे हाताशी असलं की पुढचं जेवण खरंच झटपट होतं. फ्रीजमधले छोले कांदा-टोमॅटोत परतले की भाजी, गाजर-पालकाबरोबर पाण्यात उकळले की सूप, काकडी नि लिंबू घालून तसेच खाल्ले तर कोशिंबिरीची जागा भरून निघते. शिजलेल्या 100 ग्रॅम छोल्यांत साधारण 9 ग्रॅम प्रथिनं आणि 7-8 ग्रॅम तंतू असतात. डब्यातलं तयार कडधान्य विकत घेतलं तर त्यात मीठ किती हे कंपनी ठरवते, इथे आपण ठरवतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, त्यामुळे हा मुद्दा लहान नाही. लिंबू मात्र मी आग्रहाने पिळतो, तेही वाढताना. कडधान्यातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही आणि क जीवनसत्त्व सोबत असलं की ते बरंच जास्त शोषलं जातं.

शिजलंय का हे बघायची माझी एकच खूण आहे. दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा. साल न तुटता आतला गर लोण्यासारखा पसरला पाहिजे. मध्ये बारीकसा कडक कण लागला तर पुन्हा पाच मिनिटं. जुनं कडधान्य असेल किंवा पाणी जड असेल तर वेळ वाढतो. चिंच, टोमॅटो असलं आंबट आधी घातलं तरी दाणा हट्टाने कडक राहतो, म्हणून ते शिजल्यावरच. सोडा मी घालत नाही. दाणा लवकर मऊ होतो हे खरं, पण ब1 जीवनसत्त्व त्यात नष्ट होतं.

राजम्याबद्दल मात्र कृपया नीट वाचा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक लेक्टिन, म्हणजे विषारी प्रथिन असतं, अर्धवट शिजलेले थोडे दाणे खाल्ले तरी जोराच्या उलट्या होतात. या कुकरमध्ये 'स्लो कुक' म्हणून जो मोड असतो तो मंद आचेचा असतो आणि त्यात ते नष्ट होईलच याची खात्री नसते. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, दाबाच्याच मोडवर पूर्ण मऊ करायचा. माहितीपुस्तिकेत ही सूचना ठळक असायला हवी होती. आमच्या कुकरच्या पुस्तिकेत ती नाही.

भाज्यांच्या बाबतीत कुकर दोन टोकांचा आहे. बटाटे, बीट, रताळी, भोपळा जाळीवर ठेवून, खाली पेलाभर पाणी घालून अप्रतिम वाफवले जातात. पाण्यात बुडत नसल्यामुळे पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही ओतून जात नाहीत. पालेभाजी, फ्लॉवर, ब्रोकोली यांना तो नको. दाब येईपर्यंतच त्यांचा लगदा होतो, रंग जातो. ती कढईतच, झाकण ठेवून, दोन-चार मिनिटं.

भात उत्तम होतो. मात्र कुकर बंद करून उरलेला भात रात्रभर त्यातच ठेवू नका. भातात जे जिवाणूंचे बीजाणू असतात ते शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात त्यांची वाढ झाली की पोट बिघडवणारं विष तयार होतं, जे परत गरम करूनही जात नाही. मी भात पसरट ताटलीत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवतो. कडधान्याचंही तेच, खोल पातेल्यात ते निवायला फार वेळ लागतो.

आता तक्रारी. झाकणातलं सिलिकॉनचं रबर वास धरून ठेवतं. लसूण-मसाल्याच्या रश्श्यानंतर लावलेल्या खिरीला तो वास लागतो. धुऊन, उन्हात ठेवूनही पूर्ण जात नाही, त्यामुळे गोडासाठी दुसरं रबर ठेवलं आहे. वाफेचं तोंड आणि त्याच्या आतली बारीक जाळी दर आठवड्याला काढून धुवावीच लागते, तिथे डाळीचा थर बसतो. घट्ट रश्श्याला तळाशी लागल्याची सूचना वारंवार येते. फोडणी करून झाली की थोडं पाणी घालून तळ उलथन्याने खरवडला तर ती थांबते. वीज गेली की कामच थांबतं, हे ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते त्यांनी धरून चालावं. आणि आकडे बघून फसू नका: सहा लिटर लिहिलेलं असलं तरी कडधान्य, तांदूळ अशा फुगणाऱ्या पदार्थांसाठी निम्म्याच्या वर भरायचं नाही, बाकीच्यांसाठी दोन तृतीयांश.

घेताना आतलं भांडं स्टीलचं बघा. लेप दिलेल्या भांड्यात खरवडायला भीती वाटते आणि लेप गेला की भांडंच बदलावं लागतं. रबर आणि भांडं सुटं मिळतं का हे दुकानदाराला आधीच विचारा. एकट्या-दुकट्याला तीन लिटर पुरतो. चौघांना आणि फ्रीझरसाठी जास्तीचं शिजवणाऱ्यांना सहापेक्षा लहान घेऊ नये.