घरबसल्या विस्थापित बायका-मुलींसाठी रिसर्च: युएन व्हॉलंटियर्सच्या ऑनलाइन कामाचा रिव्ह्यू

युएन व्हॉलंटियर्स म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवकांचा कार्यक्रम, त्यात घरबसल्या ऑनलाइन करायची कामंही असतात. आधी सरळ हिशेब सांगते. पैसे मिळत नाहीत, छदामही नाही. वय १८ पूर्ण लागतं, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि एक काम फार तर १२ आठवड्यांचं. ऑनलाइनची ही सोय २००० पासून आहे, मुख्य ऑफिस जर्मनीत बॉनला, पोर्टलवर प्रोफाइल बनवायला पैसे लागत नाहीत. वेगवेगळ्या संस्था आणि युएनच्या एजन्सी आपापली कामं तिथे टाकतात आणि आपण अर्ज करायचा, त्यामुळे पोर्टल कितीही चांगलं असलं तरी पुढचा अनुभव समोर कोणती संस्था भेटते त्याच्यावर.

मी घेतलेलं काम डेस्क रिव्ह्यूचं होतं, म्हणजे लढाईमुळे घरदार सोडलेल्या बायका आणि मुलींना काय लागतं यावर आधीच जे रिपोर्ट आलेत ते रिलीफवेब, एचडीएक्स वगैरे मदतकार्याचे रिपोर्ट आणि आकडे ठेवणाऱ्या युएनच्या साइट्सवरून शोधायचे, वाचायचे आणि एका एक्सेल शीटमध्ये मांडायचं की पाणी, शौचालय, पाळी, शाळा, सरपण, कागदपत्रं यातलं कोणी काय विचारलंय आणि काय कोणी विचारलंच नाहीये. ऐकायला रटाळ आहे आणि पहिले काही दिवस खरंच रटाळ वाटतं. पण मग लक्षात यायला लागतं की रिपोर्टमध्ये 'कुटुंब' म्हटलंय आणि उत्तरं दिलीत घरातल्या कर्त्या पुरुषाने. बायकांचे आकडे वेगळे काढलेलेच नाहीत, आणि जिथे काढलेत तिथे १५ ते ४९ चा गट बाळंतपणाच्या हिशेबात आणि १८ च्या खालची सगळी 'मुलं', मग १३-१४ वर्षांची पोरगी, जिची पाळी सुरू झालीये, शाळा सुटलीये, लग्नाचं घाटतंय, ती नक्की कुठल्या रकान्यात? कुठल्याच नाही.

शौचालयाचं तर विचारूच नका. स्फिअरचे नियम म्हणून मदतकार्यात सगळीकडे वापरतात, त्यात २० माणसांमागे एक शौचालय, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत, असं दिलंय. रिपोर्टवाले २० चा आकडा जुळला की 'पुरेशी' लिहून मोकळे. आतून कडी आहे का, रात्री उजेड आहे का, अंधार पडल्यावर बायका तिकडे जातात तरी का, हे शोधायला शेवटच्या पानावरच्या परिशिष्टात घुसावं लागतं, आणि कधीकधी तिथे एका ओळीत सापडतं की संध्याकाळनंतर बायका पाणीच पीत नाहीत. मला विचाराल तर अख्ख्या रिपोर्टमधली कामाची ओळ ती एकच. सरपणाचं पण तसंच, सुदानमधल्या दारफुरमध्ये छावणीबाहेर लाकडं आणायला गेलेल्या बायकांवर हल्ले व्हायचे हे किती वर्षांपासून माहिती आहे, तरी 'स्वयंपाकाचं इंधन' आणि 'सुरक्षा' हे दोन वेगळ्या चॅप्टरमध्ये बसलेले असतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

लांबून काम करणाऱ्याचा उपयोग इथेच आहे असं माझं मत झालंय. त्या बायकांना दर काही महिन्यांनी कोणीतरी नवीन फॉर्म घेऊन तेच ते विचारतं. आपण आधीचं सगळं नीट वाचून दिलं तर पुढच्या फॉर्ममधले निम्मे प्रश्न कापता येतात.

म्हणूनच एक सावधगिरी. दुसऱ्या एका संस्थेचं काम मी नाकारलं, नाव नाही घेत, त्यांना व्हॉलंटियरने छावणीतल्या बायकांना फोन करून हिंसेबद्दल मुलाखती घ्यायला हव्या होत्या. अहो, फोन बऱ्याचदा नवऱ्याचा नाहीतर भावाचा असतो, शेजारी कोण बसलंय आपल्याला दिसत नाही, आणि ती रडायला लागली तर तुम्ही इथून काय करणार? डब्ल्यूएचओने २००७ मध्येच सांगून ठेवलंय की असे प्रश्न विचारण्याआधी तिथे उपचाराची आणि आधाराची सोय हवी. ती आहे का विचारलं तर गोलमाल उत्तर. अशी कामं घेऊ नका, कितीही भारी वाटली तरी.

बाकी किरकोळ. सुपरवायझर चांगली होती पण फील्डवर असायची, आठवडा आठवडा रिप्लाय नाही, टाइम झोनची बोंब वेगळीच. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर तुम्ही सोनं आहात. काही रिपोर्ट रात्री वाचू नका, झोप लागत नाही. सर्टिफिकेट मिळतं, सीव्हीवर बरं दिसतं, पण त्याच्यासाठीच करायचं असेल तर यापेक्षा सोपी कामं खूप आहेत.

पाचपैकी चार स्टार. अर्ज केल्यावर पहिल्याच कॉलला विचारा की हे शीट कोण वापरणार आणि कुठल्या मीटिंगला जाणार. धड उत्तर आलं तर घ्या, 'ते बघू नंतर' आलं तर सरळ दुसरं शोधा.