ओपीडीतून की घरोघरी? अभ्यासासाठी माणसं कुठून घ्यावीत

एमडीच्या प्रबंधासाठी मधुमेहाचे रुग्ण ओपीडीतून घ्यावेत की गावात घरोघरी जाऊन, असं एका विद्यार्थिनीने विचारलं.

खर्च आणि वेग यांत ओपीडी सरळ पुढे. रुग्ण समोर, केसपेपर तयार. पण निदानच न झालेले तिथे भेटत नाहीत.

खरा फरक पडतो माणसं टिकण्यात. ओपीडीतला रुग्ण साखर आटोक्यात आली की येणं थांबवतो, मोबाइल नंबर बदलतो. गावात कोण कधी शेतावर असतं, कोण माहेरी गेलंय, हे गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंना ठाऊक असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत सुरू केलेला माता-पोषण अभ्यास त्या मातांच्या मुलांच्या १८व्या वर्षापर्यंत पोहोचला. असं काम गावाशी नातं राखल्याशिवाय होत नाही. मात्र आशाताईंच्या शब्दाखातर कुणी हो म्हणू नये, संमती वेगळी, निवांत घ्यावी. ज्या पट्ट्यातून लोक ऊसतोडीला बाहेर जातात तिथे तर ते जाण्यापूर्वी, दिवाळीआधीच पहिली फेरी उरकावी.

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी दोन्हीकडे द्यावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याला मुभा आहे.

एकाच भेटीची पाहणी असेल तर ओपीडी पुरे. वर्षभर पाठपुरावा करायचा असेल तर कमी गावं घ्या, पण घरोघरीच जा.