जॉर्जियाचा प्राचीन इतिहास: ब्राउंड आधी की रॅप?

जुन्या गोव्यात सापडलेले जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष २०२१मध्ये जॉर्जियाला देण्यात आले. त्या निमित्ताने या देशाबद्दल कुतूहल वाटलं असेल, तर केतेवान सतराव्या शतकातली, हे आधी ध्यानात घ्या. पश्चिम जॉर्जियातलं कोल्किस आणि पूर्व जॉर्जियातलं इबेरिया (स्पेनकडचा इबेरिया नव्हे) ही प्राचीन राज्यं त्याच्या फार मागे. तिथवर पोचायला इंग्रजीतलं कोणतं पुस्तक आधी घ्यावं?

माझा कौल डेव्हिड ब्राउंड यांच्या 'जॉर्जिया इन अँटिक्विटी'ला (१९९४). इ.स.पू. ५५० ते इ.स. ५६२ एवढा मोठा पट, तरी कोणत्या विधानाला काय आधार आहे हे सतत कळत राहतं. स्ट्रॅबो, टॅसिटस, प्रोकोपियस हे ग्रीक-रोमन लेखक काय म्हणतात आणि उत्खननात काय निघालं, हे ते ताडून पाहतात. इबेरियाची जुनी राजधानी म्त्सखेता, तिच्याजवळचा इ.स. ७५चा ग्रीक शिलालेख घ्या. रोमन सम्राट व्हेस्पाशियनने इबेरियाचा राजा मिथ्रिडेटिस याच्यासाठी तटबंदी मजबूत करून दिली, असं त्यात आहे; राजाला 'सीझरचा', म्हणजे रोमन सम्राटाचा, 'मित्र' म्हटलंय. मित्र की मांडलिक, हा सगळा पेच त्या एका दगडात आहे.

उणीव एकच, पण मोठी: इथला जॉर्जिया बहुतेक वेळा ग्रीक-रोमन नजरेतून दिसतो.

स्टीफन रॅप यांचं 'द सासानियन वर्ल्ड थ्रू जॉर्जियन आईज' (२०१४) नेमकं उलट्या टोकाने येतं. सासानियन म्हणजे इस्लामपूर्व इराणचं राजघराणं. 'कार्तलिस त्सखोवरेबा' हा जॉर्जियन बखरींचा संग्रह. त्यातली पहिला राजा फार्नवाझ याची कथा त्याच्या काळानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेली. घटनेनंतर इतक्या उशिरा लिहिलेल्या बखरीवर किती विसंबायचं, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. रॅप खऱ्याखोट्याच्या निवाड्यात अडकत नाहीत. राजाचं दैवी तेज, वीरांची द्वंद्वं, शिकारीचे प्रसंग यांतली इराणी राजसंस्कृती ते उलगडून दाखवतात. ख्रिस्ती झाल्यावरही हा प्रदेश इराणी जगाचा भाग राहिला, हा त्यांचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

डेव्हिड मार्शल लँग यांचं 'द जॉर्जियन्स' (१९६६) सोपं आणि सचित्र, पण त्यातलं पुरातत्त्व जुनं झालंय. सिरिल तुमानॉफ यांचा १९६३चा ग्रंथ सरदार घराण्यांच्या वंशावळींत खोल शिरतो. तो संशोधन करणाऱ्यांनी घ्यावा.

एकच पुस्तक घेणार असाल तर ब्राउंड. प्राचीन इराणचा इतिहास आधी वाचलेला असेल, तर मात्र थेट रॅपपासून सुरुवात करा.